सव्वा इंच मांडी

माझ्या जाऊबाईला मी माफ केलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचणारा वाट बघत बसतो, की आता शेवटी दोघी एकमेकींच्या गळ्यात पडतील आणि डोळे पुसतील. तसं काही झालं नाही. तोंडावर मी तिला तुम्ही म्हणते, पाया पडते, वयाचा मान ठेवते. इथे मात्र ती 'ती'च राहील.

मी वर्ध्याला राहते. घराच्या पुढच्या खोलीत पायाच्या मशीनवर ब्लाउज शिवते, त्याला वीसेक वर्षं झाली. आमचं मूळ घर देवळीच्या रस्त्याला एका गावात आहे. तिथे माझे थोरले दीर, जाऊबाई, त्यांचा मुलगा आणि सून राहतात. महालक्ष्म्या बसतात त्या गावच्या घरीच, म्हणून भाद्रपदातले ते तीन दिवस आम्ही नवराबायको तिकडे असतो.

महालक्ष्म्या दोन, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. आमच्या घरात ज्येष्ठेचा मुखवटा थोरल्या सुनेने आणायचा आणि कनिष्ठेचा धाकटीने. मी लग्न होऊन आले त्या वर्षापासून कनिष्ठा माझी. त्या घरात माझं म्हणावं असं दुसरं काही नाही. स्वयंपाकघर जाऊबाईचं, कोठी तिची, पुरणात गूळ किती घालायचा हेही तीच सांगणार. वर्षातून एकदा पितळी मुखवटा घेऊन तुळशीपासून मखरापर्यंत चालत जाते, तेवढ्या वेळेपुरती मी त्या घरची सून असते. बाकीचा वेळ मी वर्ध्याहून आलेली पाहुणी.

आणायची रीत अशी. सुपात तांदूळ, तांदळावर मुखवटा, सूप दोन्ही हातांनी छातीशी धरायचं. थोरली पुढे, धाकटी तिच्या मागे, रांगोळीच्या पावलांवरून. वाटेत तीन ठिकाणी लक्ष्मीला घर दाखवायचं. चुलीपाशी, धान्याच्या कोठीपाशी आणि देवघरापाशी. तिन्ही ठिकाणी उकिडवं बसायचं, हळदीकुंकू होऊ द्यायचं आणि उठायचं. सूप खाली टेकवायचं नाही, भिंतीला हात लावायचा नाही, कोणी दंडाला धरायचं नाही. लक्ष्मी आपल्या पायांनी घरात आली पाहिजे, असं सासूबाई सांगायच्या. दुसऱ्यांच्या घरी असं असतं की नाही मला ठाऊक नाही, आमच्याकडे आहे. इतकी वर्षं मी ती रीत म्हणूनच पाळली. ती मांडीची परीक्षा आहे हे मला मागच्या वर्षी कळलं.

मागच्या वर्षी उन्हाळ्यापासून माझ्या उजव्या गुडघ्याची वाटी दुखत होती. सपाट रस्त्यावर चालताना काही नाही. पायरी उतरताना, खाली बसताना, दोन तास मशीनवर बसून उठताना वाटीच्या मागे अशी कळ यायची, की तोंडातून शब्द फुटू नये. गुडघ्याचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडात धरून पाहिला आणि हाडं चांगली आहेत म्हणाले. ही बातमी ह्यांनी फोनवरून गावी सांगितली, आणि माझा घात तिथेच झाला. फोटोत काही निघालं नाही म्हणजे बाईला काही झालेलं नाही, एवढाच अर्थ जाऊबाईने घेतला.

महालक्ष्म्यांच्या आगमनाला मी सूप घेऊन तिच्या मागे निघाले. चुलीपाशी कशीबशी उठले. कोठीपाशी बसले आणि उठताना वाटीत अशी कळ आली की पाय माझा राहिलाच नाही. पुन्हा जोर केला. सूप कलंडलं, तांदूळ सांडले, मुखवटा कडेपर्यंत घसरला आणि मी ओरडले. पुढे गेलेली जाऊबाई वळली.

"घे वं तिच्या हातातून!" ती आपल्या सुनेवर ओरडली. "लक्ष्मी अर्ध्यात बसली, घे लवकर!"

तिची सून माझ्या मागे ताटली वाजवत होती. तिने ताटली टाकून माझ्या हातातून सूप घेतलं आणि कनिष्ठा पुढे गेली. मी कोठीला पाठ लावून तशीच बसून राहिले. सांडलेले तांदूळ एका हाताने गोळा करत होते, कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणावळ. आमच्याकडे सगळी आळी पंगतीला बसते, खाली, ताट समोर. मला मांडी घालता येईना म्हणून मी भिंतीशी उभी होते. तेवढ्यात जाऊबाईने भर पंगतीत हाक मारली, "कलेक्टरीनबाईले खुर्ची आणा वं! फोटोत काईच निंगालं नाई, पण बाईले खाली बसवत नाई." लाल प्लास्टिकची खुर्ची आली. ती पंगतीच्या मधोमध ठेवली गेली आणि मी तिच्यावर बसून, ताट मांडीवर घेऊन, सगळ्यांच्या डोक्यांवरून जेवले. पंगत हसली. हेही हसले, पण त्यांचं मी नंतर पाहिलं.

तिसऱ्या दिवशी निघताना ती म्हणाली, "आता कनिष्ठा माही सून आणत जाईन. तू आराम कर. नाचता येईना अंगन वाकडं, असं नको व्हाले." आणि एवढ्यावर न थांबता, जाण्याआधी तिने मला माझ्याच भल्यासाठी धरून बसवलं, बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरला आणि त्याचं तेल वाटीभोवती लावलं. चार दिवसांत बिब्बा उतला. फोड आले, फुटले, काळा डाग राहिला. तो अजून आहे. आंघोळीच्या वेळी रोज दिसतो आणि रोज मला तिची आठवण होते.

घरी आल्यावर मी तिचं ऐकलं, ही माझी चूक. आराम केला. खुर्चीवर जेवले, खुर्चीवर भाजी चिरली, देवपूजासुद्धा खुर्चीवर. औषधाच्या दुकानातून गुडघ्याला घालायचा पट्टा आणला, तो सकाळी चढवायचा आणि झोपताना काढायचा. जो येईल तो सांगायचा, पायावर जोर देऊ नका. मी दिला नाही. तीन महिन्यांत दुखणं कमी व्हायच्या ऐवजी अशी वेळ आली की दाराच्या तीन पायऱ्या उतरताना मी देवाचं नाव घेऊ लागले. मधेच मार्गशीर्षात गावची गाय मेली. जाऊबाईचा फोन आला, "लक्ष्मी अर्ध्यात बसली ना वं, मंग काय होईन?" गाय सतरा वर्षांची होती.

पौषातली दुपार. एका मुलीची सलवार शिवून झाली होती. ती उलटून बघताना माझं लक्ष माझ्याच पायाकडे गेलं. उजवी मांडी काहीतरी वेगळी दिसत होती. टेप गळ्यातच असतो. दार लोटून घेतलं, साडी वर घेतली, दोन्ही मांड्यांवर वाटीपासून सारख्या उंचीवर खडूची खूण केली आणि माप घेतलं. तीनदा घेतलं. उजवी डावीपेक्षा सव्वा इंचाने कमी. इतक्या बायकांची मापं घेतली, कोणाचा एक खांदा उतरता, कोणाचा एक दंड जाड, ते सगळं मला न बघता कळतं. माझी स्वतःची मांडी सव्वा इंच गेली आणि मला पत्ता नाही. मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो पाय टेकायला जागा मिळाल्यासारखा आला.

वर्ध्याबाहेरच्या मोठ्या दवाखान्यात व्यायामाचा विभाग आहे. तिथे चोवीस-पंचवीस वर्षांची एक मुलगी होती. तिने मला टेबलावर झोपवलं आणि माझ्या मांडीला टेप लावला. तिने टेप फारच ओढला. मी म्हटलं, "इतका आवळू नका, मांस दबतं. कातडीला नुसता टेकू द्या." ती हसली आणि तिने पुन्हा माप घेतलं. सव्वा इंच. मग तिने दोन्ही मांड्यांवर वायर लावलेल्या दोन-तीन पट्ट्या चिकटवल्या आणि पाय ताठ करायला सांगितलं. समोरच्या पडद्यावर रेघा उठल्या. डाव्या पायाची रेघ उसळली. उजव्या पायाची, वाटीच्या वर आतल्या बाजूला जो उंचवटा असतो तिथली, जरा वेळाने आणि अर्ध्यातच उठली.

"काकू, दुखते वाटी, पण कमी पडतेय मांडी," ती म्हणाली. "वाटी या स्नायूच्या शेवटाला बसलेली असते. स्नायू दोन्ही बाजूंनी सारखा ओढेल तर ती आपल्या खाचेतून सरळ सरकते."

हे मला लगेच कळलं. वरचा दोरा घट्ट आणि खालचा सैल असला की टीप बिघडते, मग तुम्ही कापडाला कितीही शिव्या द्या. आणि आम्ही इतके महिने करत काय होतो? बिब्बा, पट्टा, खुर्ची. जखम मांडीला आणि मलम शेंडीला.

"मग फोटोत का नाही आलं?"

"एक्स-रेत हाड दिसतं. मांडी आळशी झाली ते हाड कसं सांगेल? दुखतं म्हणून आपण ती वापरत नाही, वापरत नाही म्हणून ती बारीक होते, आणि बारीक झाली की आणखी दुखतं."

आळशी हा शब्द तिने मांडीसाठी वापरला होता, तरी मला लागला. तिने कागदावर चित्रं काढून व्यायाम दिले. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची. पाय ताठ उचलून धरायचा. भिंतीला पाठ टेकवून थोडं खाली सरकायचं आणि तिथे थांबायचं. प्रत्येक वेळी दहापर्यंत मोजायचं.

मोजण्यात माझं मन लागेना. चारवर गेलं की गिऱ्हाईक आठवायचं, सातवर कुकरची शिट्टी. मग मी एक युक्ती केली. मोजायच्या ऐवजी जाऊबाईचं एकेक वाक्य मनात म्हणायचं, तिच्याच चालीत, तिच्यासारखाच हेल काढत. 'कलेक्टरीनबाईले खुर्ची आणा वं, फोटोत काईच निंगालं नाई, पण बाईले खाली बसवत नाई' हे सावकाश म्हटलं की बरोबर दहा सेकंद होतात, मी भिंतीवरच्या घड्याळात बघून घेतलं. टॉवेल दाबताना खुर्ची. पाय उचलताना लक्ष्मी अर्ध्यात बसली. भिंतीला सरकून मांडी थरथरायला लागली, आता सोडावं असं वाटलं, की गाय. गाईच्या नावाने मी पाच-पाच सेकंद जास्त काढले.

सकाळ-संध्याकाळ, एक दिवस न चुकवता. ती मुलगी दर पंधरा दिवसांनी माप घ्यायची आणि चकित व्हायची. "काकू, बाकीचे पेशंट महिन्यात कंटाळतात. तुम्ही कशाच्या जोरावर करता एवढं?"

"देवीच्या," मी म्हटलं.

उन्हाळ्यात तिने पायरीचा व्यायाम दिला. एका पायावर हळूच खाली उतरायचं आणि वर यायचं. आमच्या दाराच्या पायऱ्या त्यासाठी उपयोगी पडल्या. आषाढात मी सुपात पाच किलो गहू घेतले, वर पितळेचं पातेलं ठेवलं, आणि पुढच्या खोलीत उकिडवं बसून उठायला लागले. ब्लाउज न्यायला आलेल्या बायका विचारायच्या, काय करून राह्यली वं? मग निघायचं की त्यांचीही वाटी दुखते. धुणं, झाडू, शाळेतली उभ्याची नोकरी, कोणाचं काय, कोणाचं काय. दवाखान्यातल्या मुलीने मला सांगितलंच होतं, की तुमच्यासारख्या बायका भेटल्या तर त्यांना पाठवा, निदान सांगा तरी. मी त्या कागदाच्या झेरॉक्स काढल्या. ब्लाउजच्या पिशवीत एकेक घालून दिली. माझ्या गल्लीत आता भिंतीला पाठ लावून बसणाऱ्या बऱ्याच बायका आहेत.

श्रावण संपताना टेपवर पाव इंचाचा फरक राहिला होता. मी गावी फोन लावला.

"कनिष्ठा मीच आणीन, जाऊबाई."

"आन् मांगच्या वर्षीसारखी बसली म्हंजे?"

"बसली तर पुन्हा कधी मांगणार नाई. तुमच्या सुनेलेच द्या, कायमची."

"पाहू मंग," ती म्हणाली. त्या 'पाहू'तला आनंद मला वर्ध्यापर्यंत ऐकू आला. मी त्या दिवशी व्यायाम दोनदा जास्त केला.

आगमनाचा दिवस. तुळशीपाशी पायांवर पाणी घातलं. ज्येष्ठा तिच्या हातात, कनिष्ठा माझ्या. ताटली वाजायला लागली. चुलीपाशी बसले, हळदीकुंकू झालं, उठले. कोठीपाशी बसले. तिथे सांडलेले तांदूळ डोळ्यांपुढे आले. मांडी आवळली, वाटी सरळ वर सरकली, मी उठले. देवघरापाशी तर मी मुद्दाम हळू उठले, बघणाऱ्याला नीट दिसावं म्हणून. कळ नाही, हात नाही, आवाज नाही.

आणि कोणी बघितलंच नाही.

आठ महिने मी एका चेहऱ्यासाठी घाम गाळला होता. तो चेहरा पाहायचा होता मला, मी उठताना पडलेला. पण थोरली पुढे चालते. तिची माझ्याकडे पाठ होती. मागच्या वर्षी मी ओरडले म्हणून ती वळली. या वर्षी ओरडले नाही, तर वळायचं कारण काय? ताटली वाजवणारी सून ताटली काखेत मारून मोबाईल धरून होती. तिने काढलेला व्हिडिओ नंतर आमच्या ग्रुपवर आला. त्यात दोन्ही मुखवटे छान दिसतात, माझ्या साडीचा काठ दिसतो, मांडी कुठेच नाही. पडलेल्याला सगळे बघतात, उठलेल्याला कोण बघणार? मी मखरापाशी उभी होते, कनिष्ठा माझी होती, आणि रागाने माझे कान तापले होते.

एक गोष्ट मात्र मला दिसली होती, कारण मागून सगळं दिसतं. देवघरापाशी उठताना जाऊबाई पहिल्यांदा उठली नाही. दोन्ही कोपर तिने आपल्याच मांड्यांवर रोवले आणि दुसऱ्या झटक्याला उठली. तिचे पाय थरथरत होते.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली, आणि तिने सवयीने हाक मारली, "कलेक्टरीनबाईची खुर्ची आणा वं!" म्हणजे काल काय झालं हे तिच्या गावीही नव्हतं. लाल खुर्ची आली. मी ती उचलली आणि तिच्यापुढे ठेवली.

"तुमी बसा, जाऊबाई. मी बसतो खाली."

आणि मी सगळ्यांसमोर मांडी घालून बसले. वाटलं होतं, आता तरी तिचं तोंड उतरेल. पण ती दोन दिवस चुलीपाशी उभी होती. तिने खुर्चीकडे पाहिलं, टेकली आणि "आई वं" म्हणत पाय लांब केले. "लय साजरं वाटते वं," म्हणाली. जेवण झालं तरी उठली नाही. मी शिक्षा म्हणून दिलेली खुर्ची तिने प्रसादासारखी घेतली. मला इतका संताप आला की पुरणपोळी गिळेना.

मग घास चावता चावता मी त्या खुर्चीकडे पाहिलं. अशाच खुर्चीने तीन महिन्यांत माझी सव्वा इंच मांडी खाल्ली होती. ती काय करते, कशी करते, कोणत्या बाजूने सुरू करते, हे त्या पंगतीत मला एकटीला माहीत होतं. मी शांतपणे दुसरी पोळी मागून घेतली.

वर्ध्याला आल्यावर मी त्या खुर्चीच्या मापाची गादी शिवली. कापूस आपल्या इकडचा, चांगला पिंजलेला. वरून जांभळं कापड, चारी बाजूंनी झालर, मागे बांधायला नाड्या. ह्यांच्या हाती गावी पाठवली. धाकटीने किती मायेनं शिवली म्हणून जाऊबाईने ती आळीत सगळ्यांना दाखवली, असं कळलं. ती आता खुर्चीवरच भाजी चिरते, तिथेच जेवते, पूजासुद्धा तिथूनच.

दिवाळीच्या आधी ती ब्लाउजचं कापड घेऊन आली. दाराच्या तीन पायऱ्या तिने कठडा धरून, आडवी होऊन, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत चढल्या. मी काचेतून बघत होते. आत येऊन स्टुलावर बसली आणि गुडघा चोळायला लागली.

"काऊन वं, तुहा गुडघा कायनं बरा झाला? माह्या वाटीत लय कळ येऊन राह्यली. फोटो काढला, त त्यात काईच नाई म्हन्ते."

चेहरा मला पाहायचा होता तो हाच. घाबरलेला, थोडा ओशाळलेला, मला विचारणारा. मापाची वही माझ्या मांडीवर तिच्या पानावर उघडी होती, आणि त्याच पानाखाली व्यायामाच्या कागदाची शेवटची एक झेरॉक्स होती. माझा हात एकदा त्या झेरॉक्सकडे गेला, हे खोटं नाही.

"आरामानं, जाऊबाई," मी म्हटलं. "खुर्ची सोडू नका."